आधी वही, मग पिशव्या

प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या चर्चच्या मंडळीने यंदा नाताळच्या मदतकार्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात घातली आहे. दरवर्षी डिसेंबरात चर्चच्या सभागृहात पिशव्यांचा ढीग लागतो, एका रविवारी उपासनेनंतर वाटप होतं, फोटो निघतात, सगळे दमून घरी जातात. तरीही काहीतरी चुकतंय असं तुम्हाला आतून वाटत राहतं. सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंत.

वहीपासून करा. मी हे काम १९ वर्षं केलं आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं माझी अशी समजूत होती की आपलं काम म्हणजे वस्तू गोळा करणं. आता सांगते, वस्तूंची काळजी करूच नका. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार उजाडला की लोकांचे हात आपोआप सैल होतात. डिसेंबरात देणाऱ्याला शोधावं लागत नाही, उलट आवरावं लागतं. आपोआप येत नाही ती माहिती. कोणत्या घरी काय हवंय, काय नकोय आणि कोणी नेऊन दिलेलं त्यांना चालेल, हे ज्या वहीत लिहिलेलं आहे ती वही म्हणजे तुमचं खरं काम. पिशव्या काय, तरुण संघाची पोरं दोन तासांत भरून देतात.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतली अगदी सुरुवातीची कुरबूर वाटपावरूनच झाली होती. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटपात आमच्या विधवा सुटून जातात, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. प्रेषितांनी त्यावर कुणाची समजूत घालत बसण्यापेक्षा सात माणसं निवडून द्यायला सांगितली. त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तिमोन... सगळी ग्रीक. ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली असावीत, असं दिसतं. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आले, पण हे माझ्या ध्यानात यायला वहीचं काम अंगावर पडावं लागलं. त्यांतल्या स्तेफनाचा सण पाश्चात्त्य मंडळ्यांत २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी येतो. आपण त्याला पहिला हुतात्मा म्हणून ओळखतो. त्याची नेमणूक झाली होती ती वाटपाच्या कामावर.

बायबलमधल्याच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांच्या यादीत कुणाचं नाव घालावं याचे नियमच दिलेत. वय ६० च्या खाली नको. जिला मुलं-नातवंडं आहेत तिचा भार आधी घरच्यांनी उचलावा. ते नियम आज जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण यादीला काही निकष असावेत आणि ते मंडळीत सगळ्यांना माहीत असावेत, एवढं त्यातून नक्की घ्या. नाहीतर 'अमक्याचं नाव कसं आलं आणि तमक्याचं कसं गळलं' हे तुम्हाला ईस्टरपर्यंत पुरेल. रोमचा बिशप कर्नेलियस याचं इ.स. २५१ च्या सुमाराचं एक पत्र आहे. त्यात तिथली मंडळी १५०० हून जास्त विधवा आणि अडल्यानडल्यांना सांभाळते, असं त्याने लिहिलंय. एवढा आकडा सांगता येतो, म्हणजे कुणीतरी वही ठेवत होतं. पुढे गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या चर्चांत अशा गरिबांच्या पटाला लॅटिनमध्ये 'मॅट्रिक्युला' म्हणत. आपल्या तोंडी असलेला 'मॅट्रिक' त्याच शब्दापासून आला. विद्यापीठांचे पट नंतरचे, गरिबांचा पट आधीचा.

आता आमची फजिती ऐका. एका वर्षी आमच्याकडे दोन याद्या होत्या, एक महिला मंडळाची आणि एक चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाची. दोन्ही चांगल्या मनाने केलेल्या. त्या नाताळला एका घरी दोन पिशव्या गेल्या आणि त्याच्या शेजारच्या घरी एकही गेली नाही. ते शेजारचं घर आमच्याच मंडळीतलं होतं. तिसऱ्या बाकावर दर रविवारी बसणारं कुटुंब, बापाचं काम सप्टेंबरात सुटलेलं. त्यांनी त्याही वर्षी दुसऱ्यांसाठी म्हणून एक पिशवी आणून ढिगात ठेवली होती. मला हे फेब्रुवारीत कळलं, तेही त्यांच्या मुलीने शब्बाथशाळेच्या सहलीचे पैसे दोनदा 'विसरले' म्हणून. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही याद्या फाडल्या आणि एक वही घातली.

तेव्हापासून एकच वही आणि ती दोघांच्याच हाती. एकाच्या हाती ठेवली तर तो आजारी पडला की सगळं अडतं; तिघांच्या हाती गेली की ती वही राहत नाही, गावभर होते. माझ्या वहीत रकाने साधे आहेत: घरात माणसं किती, मुलांची वयं, कपड्यांचं आणि बुटांचं माप, भेटून कोण आलं आणि कधी, त्यांनी स्वतःच्या तोंडाने काय सांगितलं. आणि शेवटचा रकाना 'नको'. हा रकाना मी बराच उशिरा घातला आणि आता वही उघडली की आधी तोच वाचते. एका वर्षाच्या 'नको'मधल्या चार नोंदी जशाच्या तशा देते: 'गोड नको, घरात दोघांना मधुमेह.' 'दारात गाडी लावू नये, घरमालक बघतो.' 'ब्लँकेट नको, चार आहेत.' 'खेळणी नकोत, परीक्षेची फी बाकी आहे.' त्या चार ब्लँकेटांत आमचीच दोन होती.

हे रकाने भरायचे तर भेटी डिसेंबरच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हव्यात. सप्टेंबर उत्तम, ऑक्टोबरही चालेल. डिसेंबरात दार वाजवलंत की समोरचा माणूस ओळखतो की हे यादी करायला आलेत; मग तो एकतर सगळंच लपवतो, नाहीतर आपल्याला जे ऐकायचंय ते ऐकवतो. दोन-दोघांनी जा. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांबरोबर व्हिन्सेंट डी पॉल संघ सुरू केला, त्याचा कणाच मुळी घरी जाऊन भेटणं हा होता. त्यांना लोकांकडे जायचं होतं, लोकांना आपल्याकडे बोलवायचं नव्हतं. घरी गेल्यावर बसायला सांगितलं तर बसा, पाणी दिलं तर प्या. वही त्यांच्यासमोर उघडू नका. बाहेर पडून कोपऱ्यावर लिहा.

वही भरली की नावं तिथंच राहू द्या. बाहेर जातात ते फक्त आकडे. पिशवीवर '१७' लिहिलेलं असतं. भरणाऱ्याला एवढंच ठाऊक की १७ मध्ये एक म्हातारी, एक आठ वर्षांचा मुलगा, गोड नको. झाडावर चिठ्ठ्या टांगायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही अशीच ठेवा. मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मीने) १९७९ साली अमेरिकेतल्या लिंचबर्गमध्ये सुरू केलेली ही कल्पना चांगली आहे, कारण देणारा एक चिठ्ठी उचलतो आणि एका ठरावीक मुलाचा विचार करून दुकानात जातो. फक्त चिठ्ठीवर वय आणि माप लिहा, नाव नको, शाळा तर नकोच. आणि कोणती चिठ्ठी कुणी नेली हे टिपून ठेवा. दरवर्षी दोन-तीन चिठ्ठ्या कुणाच्या तरी पर्समध्ये राहून जातात, आणि मग २३ तारखेला एका मुलाच्या वाट्याला काहीच नसतं. त्यासाठी थोडे पैसे वेगळे काढून ठेवा.

आता सगळ्यात मोठी चूक, जी बहुतेक मंडळ्या करतात आणि जी मीही केली: जमलेलं सगळं एकाच दिवशी वाटून टाकणं. याचं औषध ४०० वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे. १६१७ च्या ऑगस्टमधली गोष्ट. फ्रान्समधल्या शातियों गावात व्हिन्सेंट डी पॉल नवा पाळक म्हणून आला होता. रविवारी उपासनेच्या आधी त्याला कुणीतरी सांगितलं की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत, बघायला कुणी नाही. त्याने प्रवचनात ते सांगितलं. दुपारी तो स्वतः तिकडे निघाला तर वाटेवर माणसांची रीघ, कुणी जाताना तर कुणी येताना, सगळ्यांच्या हातात त्या घरासाठी अन्न. इतर कुणी असता तर मंडळीच्या प्रेमाने भारावून गेला असता. व्हिन्सेंटच्या मनात आलं की हे एवढं अन्न आज संपणार नाही, उरेल ते सडेल आणि पुढच्या आठवड्यात हे लोक पुन्हा उपाशीच राहतील. काही दिवसांतच त्याने गावातल्या बायकांना एकत्र केलं आणि पाळ्या लावून दिल्या: आज हिने जायचं, उद्या तिने. पुढे त्याने उभारलेल्या सगळ्या कामाचं बी त्या पाळ्यांत आहे.

आपला डिसेंबर म्हणजे तो शातियोंचा रस्ता. म्हणून माझा नियम असा की जमलेल्या रोख रकमेचा एक तृतीयांश भाग ६ जानेवारीच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाच्या आधी हातच लावायचा नाही. तो फेब्रुवारी-मार्चसाठी. यावर सभेत हमखास वाद होतो. 'नाताळसाठी दिलेले पैसे नाताळलाच खर्च व्हायला हवेत' असं कुणीतरी म्हणतंच, आणि त्यात तथ्यही आहे. देणाऱ्याला न विचारता त्याच्या पैशाचा हेतू बदलता येत नाही. म्हणून हे आधीच, पहिल्याच जाहिरातीत सांगा: 'यातला एक भाग नव्या वर्षातल्या गरजांसाठी राखला जाईल.' आमच्याकडे यामुळे दान कमी झालं नाही. टिकाऊ शिध्याचंही तसंच, तारखा बघून अर्धा कपाटात ठेवा.

वस्तू की पैसे? मला विचाराल तर मोठ्यांना पैसे किंवा दुकानाचं कार्ड, मुलांना वस्तू. अडचणीतल्या बाईला तिच्या घरचा हिशोब आपल्यापेक्षा चांगला कळतो. 'पैसे उडवतील' ही भीती मी खूप ऐकली. १९ वर्षांत एक-दोनदा तसं झालंही असेल. त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आम्ही कुणाला नको असलेल्या वस्तूंवर उडवले.

जुन्या कपड्यांबद्दल मी फार कडक आहे, आणि त्यावरून दोन-तीन जणी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हत्या. स्वच्छ, इस्त्री केलेला, सगळी बटणं जागेवर असलेला कपडा असेल तरच घ्यायचा. 'सख्ख्या बहिणीला देशील का?' एवढंच विचारते. त्यातही मुलांचे जुने कपडे आपल्याच भागात वाटायचे नाहीत. आम्ही दिलेला एक स्वेटर घालून एक मुलगा शाळेत गेला आणि ज्याचा तो होता तो त्याच वर्गात निघाला. पुढे काय झालं ते, मुलं कशी असतात हे माहीत असलेल्या कुणालाही सांगायला नको.

मुलांच्या भेटींचं मात्र जरा थांबून सांगते. आमच्याकडेही स्टेज होतं, लाल कपड्यांतले सांताक्लॉज होते, ध्वनिक्षेपकावरून नावं पुकारली जायची. एका वर्षी मी स्टेजच्या बाजूला उभी होते. एक नाव पुकारलं. आई मुलाला घेऊन वर आली, सांताने खोका पुढे केला, फोटोवाल्याने कॅमेरा वर केला आणि तिने पटकन मुलाचं तोंड आपल्या पोटाशी दाबून घेतलं. मुलाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तो खोक्यासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, 'ताई, जरा इकडे बघा.' सभागृहातले लोक टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर आमच्याकडे स्टेज बंद. भेटी आईबापांच्या हाती जातात, तीन-चार दिवस आधी, कागदात न गुंडाळलेल्या. सोबत रंगीत कागद, रिबन, चिकटपट्टी. पहिल्या वर्षी चिकटपट्टी विसरलो होतो; एका वडिलांनी रात्री फोन करून मागितली, आणि इतक्या वर्षांत या कामात मला आलेला तो सगळ्यात आनंदाचा फोन. भेट आईबाप निवडतात, गुंडाळतात आणि आपल्या हाताने देतात. मुलाला मंडळीचं नावही कळत नाही. मायराचा बिशप निकोलस, ज्याच्यावरून हा लाल कपड्यांचा सांता निघाला, त्याची आख्यायिका तरी काय आहे? तीन मुलींच्या बापाकडे लग्नाला पैसे नव्हते, म्हणून याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. दिवसा, स्टेजवर, नाव पुकारून नव्हे.

फोटोंबद्दल देणगीदार विचारतीलच. भरलेल्या पिशव्यांचा फोटो काढा, पॅकिंग करणाऱ्या पोरांचा काढा. घेणाऱ्यांचा नको, पाठमोराही नको. आणि जानेवारीत हिशोब वाचून दाखवा: किती आले, किती घरं, किती शिल्लक. पैसे मोजायला नेहमी दोघं, खात्यावर सह्या दोघांच्या. आमच्या खजिनदारांना हे सुरुवातीला अविश्वासासारखं वाटलं. त्यांना करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय दाखवला. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना खुद्द पौल सोबत दुसरी माणसं घेतो, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून. त्यावर ते काही बोलले नाहीत.

पिशवीसोबत प्रवचन जोडू नका. उपासनेला आलात तर शिधा मिळेल, ही अट उघड असो वा गुपचूप, ती मला मान्य नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे पाळकही भेटले. नाताळच्या उपासनेचं आमंत्रण सगळ्यांना द्या, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या हाताने, आणि न येणाऱ्याची पिशवी तेवढीच भरलेली असू द्या.

वृद्धाश्रमाचं नाव तुमच्या यादीत असणारच. जायच्या आधी तिथल्या मेट्रनना विचारा, आधी कोण कोण येणार आहे. आम्ही एकदा २३ डिसेंबरच्या दुपारी गाणी म्हणायला गेलो तर त्या दिवशीचा आमचा चौथा गट होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा आमच्या तिसऱ्या गाण्याला डोळे मिटूनच टाळ्या वाजवत होते. निघताना मेट्रन हळूच म्हणाल्या, 'फेब्रुवारीत या ना. फेब्रुवारीत कुणी येत नाही.' आता आम्ही फेब्रुवारीतच जातो. गाणी कमी, गप्पा जास्त, आणि पत्ते नेतो.

ज्यांना वस्तूंची गरज नाही त्यांचंही एक पान वहीत ठेवा. या वर्षात ज्यांच्या घरी माणूस गेलं ती घरं. पहिला नाताळ फार वाईट असतो. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात लांब रात्री, एक शांत उपासना ठेवतात: मेणबत्त्या, दोन वाचनं, झगमगाट नाही, कुणी 'आनंदी राहा' म्हणत नाही. तुमच्या पाळकांना विचारून बघा. आम्ही पहिल्यांदा ठेवली तेव्हा नऊ माणसं आली. मी नऊ म्हणून हिरमुसले होते, पण त्यांतली सात जण उपासना संपल्यावर तासभर तिथंच बाकांवर बसून होती, म्हणून दिवे मालवायला गेलेले चर्चचे शिपाई दारातूनच परत फिरले. हे जमत नसेल तर निदान त्या घरांना फोन करा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, तेच जास्त लागतं.

एक शेवटचं, यादीत असलेल्यांनाच कामाला घेण्याबद्दल. ते सात ग्रीक नावांचं म्हणत होते ना. आमच्या वहीत पूर्वी जिचं नाव होतं अशी एक बाई एका वर्षी आपण होऊन पॅकिंगला आली. पहिल्या पिशवीकडे बघून म्हणाली, 'ही दोन मजले चढवायची कशी? बंद तुटतील.' तिने सगळ्या पिशव्या रिकाम्या करून जड सामान खाली, दुहेरी बंद, वर कपडे असं लावून दिलं. इतकी वर्षं पिशव्या आम्ही भरत होतो, पण उचलून घरी नेल्या होत्या त्या तिने. आज वहीच्या दोन धन्यांपैकी एक ती आहे.

२४ तारखेच्या संध्याकाळी काय करायचं, हेही विचारलंत. काही नाही. वही कपाटात, किल्ली खिशात, आणि उपासनेला मागच्या बाकावर बसा, दाराजवळ. कपाटात तीन जादा पिशव्या आकडा न घालता भरून ठेवा. त्या संध्याकाळी कुणीतरी येतंच, बहुधा शेवटचं गीत चालू असताना, आणि आत न येता दारातच उभं राहतं.